अणुवीज मागावी, पण शेतकऱ्याच्या नावाने नव्हे

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: राज्याच्या अंतर्भागात अणुवीज आणण्याचा विचार करताना लाभ, धोके, पाणी आणि भरपाई यांचा जाहीर हिशेब मांडण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्राला अणुवीज नवी नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला उभे राहिले आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तिथे व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. अणुऊर्जा विभाग, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुवीज महामंडळ या तिन्ही संस्था मुंबईत आहेत. तरीही बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडसारख्या गावाला हा विषय आजवर समुद्रकाठचा वाटत आला, आणि ते स्वाभाविकही होते. तारापूर पालघरच्या किनाऱ्यावर, नियोजित जैतापूर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर. दोन्ही ठिकाणी भट्टी थंड ठेवायला समोर अख्खा अरबी समुद्र आहे.

गेल्या काही काळात दोन गोष्टी बदलल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या महानिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी कंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा आण्विक दायित्व कायदा बाजूला सारला आणि अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांनाही उघडले. लहान भट्ट्यांची कल्पनाच अशी आहे की त्या किनारा सोडून आत, जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी किंवा मोठ्या कारखान्यांच्या शेजारी उभ्या राहाव्यात. म्हणजे हा प्रश्न आता पठारावर चढला आहे. दुसरबीडजवळ भट्टी येणार असे कुणी म्हटलेले नाही. गाव इथे उदाहरणादाखल घेतले आहे. पठारावरच्या कोणत्याही गावाला लागू पडेल असे बरेच काही त्यात सापडते.

अणुभट्टीत वीज थेट अणूतून निघत नाही. युरेनियमचा अणू फुटला की उष्णता सुटते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज देते. पारसच्या किंवा चंद्रपूरच्या केंद्रात हेच घडते, फक्त तिथे उष्णता कोळशाची असते. फरक आहे तो इंधनाच्या वजनात. भारतीय बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या जडपाणी भट्टीत इंधन म्हणजे सदतीस बारीक नळ्यांची एक जुडी. लांबी अर्धा मीटर, जाडी दहा सेंटिमीटरच्या आसपास. चुलीपुढच्या एखाद्या ओंडक्याएवढ्या या वस्तूत साधारण वीस किलो युरेनियम असते. नैसर्गिक युरेनियमच्या एका किलोतून अशा भट्टीत सुमारे पन्नास हजार युनिट वीज निघते. म्हणजे एका जुडीतून दहा लाख युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी आठशे घरे त्यावर वर्षभर उजळतील. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर साडेसहाशे-सातशे टन कोळसा जाळावा लागतो, आणि आपल्याकडचा कोळसा असा की त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राख होऊन मागे उरतो.

ही राख विदर्भाला सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या औष्णिक केंद्राच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचे पाणी शेतांत आणि नदीनाल्यांत गेले. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचे केंद्र आहे. त्या शहरातल्या हवेची तक्रार राज्यात कुणाला नवी नाही. अणुविजेच्या धोक्यांची चर्चा करताना कोळशाचा धोका शून्य धरायची सवय लागली आहे, ती सोडली पाहिजे. कोळशाने जाणारी माणसे एका दिवसात मरत नाहीत आणि त्यांची बातमी होत नाही, इतकेच. हवामानाच्या बाजूनेही हिशेब स्पष्ट आहे. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अणुविजेत खाणीपासून भट्टी मोडण्यापर्यंतचे सगळे धरले तरी तो आकडा दहा-बारा ग्रॅमच्या घरात राहतो. पवनऊर्जेच्या जोडीचा आणि सौरऊर्जेपेक्षाही कमी.

दुसरा मोठा लाभ सातत्याचा. कर्नाटकात कारवारजवळच्या कैगा केंद्रातला पहिला संच मे २०१६ मध्ये सुरू झाला तो ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, ९६२ दिवस, एकदाही न थांबता चालला. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. कैगासारख्या जडपाणी भट्टीत इंधन बदलण्यासाठी भट्टी थांबवावी लागत नाही, चालत्या भट्टीतच जुनी जुडी बाहेर आणि नवी आत जाते. सूर्य मावळला, वारा पडला, पावसाने खाणीत पाणी शिरून कोळसा भिजला, तरी अशा केंद्राला फरक पडत नाही. रात्रभर चालणारी रुग्णालये, पाणीपुरवठा योजना, लोकल गाड्या, औद्योगिक वसाहती यांना अशीच वीज लागते.

अणुविज्ञानाचा दुसरबीडच्या परिसराला जो लाभ आधीच झाला आहे तो मात्र तारेतून आलेला नाही, तिफणीतून आला आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवून आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साथीने जे वाण दिले त्यांत टीएयू-१ उडीद आणि टीएजी-२४ भुईमूग ही नावे विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहेत. त्या नावांतला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा. ते बियाणे किरणोत्सारी नसते, किरणांचा उपयोग फक्त वाण तयार करताना झाला. अणूचे नाव काढले की दचकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही. पण हेही खरे की उडदाच्या वाणाचे यश दाखवून भट्टीचा प्रश्न सुटत नाही.

सरकारी भाषणांत अणुविजेचे समर्थन बहुधा शेतकऱ्याच्या नावाने होते: वीज वाढली की शेतीला पुरेशी वीज मिळेल. इथे थांबून पाहावे लागते. दुसरबीड परिसरातल्या शेतकऱ्याची अडचण विजेच्या एकूण कमतरतेपेक्षा तिच्या वेळेची जास्त आहे. कृषिपंपांच्या फिडरला थ्री फेज वीज पाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. डिसेंबर-जानेवारीत हरभरा आणि गहू पाण्यावर येतात तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात ओलिताला रात्रीच जावे लागते. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. तुषार संचाची एक मांडणी भिजली की मोटार बंद करून पाइप उचलायचे, ओल्या रानातून पुढे न्यायचे, परत जोडायचे. रानडुकरे असतात, साप-विंचू असतात. मध्येच एक फेज गेला तर मोटार जळेल म्हणून डोळा लागू द्यायचा नाही. आणि रोहित्र जळाले तर पुढचे कित्येक दिवस ओलीतच नाही.

ही रात्रपाळी कुठून आली? कोळशाचे मोठे केंद्र रात्री बंद करून सकाळी चालू करणे परवडत नाही. रात्री शहरांची, कारखान्यांची मागणी उतरते, केंद्रे मात्र चालूच ठेवावी लागतात. ती उरलेली वीज कुठे द्यायची, तर शेतीला. विजेच्या सोयीने शेतकऱ्याची झोप ठरली. अणुभट्टी या बाबतीत कोळशाच्या केंद्रापेक्षाही हट्टी आहे. ती चोवीस तास एकसारखी चालवली तरच तिचा प्रचंड भांडवली खर्च वसूल होतो, म्हणून रात्री तिची वीज कुणीतरी घेतलीच पाहिजे. नियोजनात तेवढे ध्यानात घेतले नाही, तर शेतकऱ्याच्या नावाने आलेली अणुवीज त्याच शेतकऱ्याला पुन्हा रात्रीच्या शेतात उभे करील.

शेतीला दिवसा वीज हवी, आणि दिवसा सूर्य असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्रांच्या जवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फिडर त्यांवर चालवण्याचे काम सुरू आहे, राज्याने ठेवलेले उद्दिष्ट सुमारे सोळा हजार मेगावॅटचे आहे. ती वीज साधारण तीन रुपये युनिटने पडते आणि असा प्रकल्प दोनेक वर्षांत उभा राहतो. या योजनेतही ढगाळ दिवसांचा, जमिनींच्या भाड्याचा, देखभालीचा घोळ आहे. पण शेतीच्या दिवसाच्या विजेला अणुभट्टी हे उत्तर नाही, यात शंकेला फारशी जागा नाही. अणुविजेची खरी जागा दुसरी आहे: जुनी कोळसा केंद्रे बंद होतील तेव्हा रात्रीची, पावसाळ्याची, शहरांची आणि उद्योगांची गरज कोण भागवणार? राज्याची मागणी उन्हाळ्यात तीस हजार मेगावॅटच्या आसपास जाते. बॅटऱ्या आणि डोंगरावर पाणी चढवून साठवण करणारे प्रकल्प त्यातला काही भार उचलतील, सगळा उचलतील असे आज म्हणता येत नाही. समर्थन करायचे तर या मुद्द्यावर करावे. तो प्रामाणिक आहे आणि पुरेसा भक्कमही.

आता धोका. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही. इतक्या कमी संपृक्ततेच्या इंधनात ते शक्यच नसते. खरा धोका आहे तो भट्टी बंद केल्यानंतरच्या उष्णतेचा. कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातले किरणोत्सारी पदार्थ तापतच राहतात. पहिल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, दिवसभरानंतरही अर्धा टक्का. ७०० मेगावॅटच्या भट्टीत हा अर्धा टक्का म्हणजे दहा मेगावॅटहून जास्त उष्णता. ती काढून नेणारे पाणी आणि ते पाणी फिरवणारी वीज बंद पडली तर इंधन वितळते. जपानच्या फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी नेमके हेच झाले. भूकंप होताच भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, मग त्सुनामीच्या लाटेने डिझेल जनित्रे बुडवली, आणि तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. तारापूरचे पहिले दोन संच त्याच जुन्या अमेरिकी जातीचे आहेत, हे तेव्हा भारतात अनेकांना पहिल्यांदा कळले. ते संच २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले.

भारतातही अशी वेळ आलेली आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातल्या हायड्रोजनने पेट घेतला, केबल जळत गेल्या आणि सगळे केंद्र बरेच तास अंधारात गेले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी देऊन भट्टी सांभाळली गेली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्यानंतर देशातल्या केंद्रांच्या रचनेत सुधारणा झाल्या. या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो: माणसे तयारीची होती म्हणून निभावले, आणि तेवढ्यावर निभावले. नव्या रचनांत वीज नसतानाही पाणी आपोआप उतरत राहील अशी सोय असते. ही प्रगती खरी आहे, पण ती कागदावर तपासून घ्यायची गोष्ट आहे, गृहीत धरायची नव्हे.

आजवरच्या अपघातांत किती माणसे गेली याचा आकडा बहुतेकांच्या समजुतीपेक्षा लहान आहे. चेर्नोबिलमध्ये १९८६ साली लगेच मरण पावलेले तीसच्या आसपास होते. पुढे कर्करोगाने जाणाऱ्यांचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सर्वाधिक बाधित लोकांत चार हजारांपर्यंत दिला, आणि त्यावर वाद आहेत. फुकुशिमात किरणोत्साराने झालेला एक मृत्यू जपान सरकारने मान्य केला आहे. उलट, दीड लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली त्या धावपळीत, छावण्यांत आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांत दोन हजारांवर माणसे दगावली, त्यांत म्हातारी जास्त. म्हणजे तिथे किरणांपेक्षा कितीतरी जास्त जीव घेतले ते फसलेल्या स्थलांतराने.

म्हणून अंतर्भागातल्या कोणत्याही जागेसाठी पहिला प्रश्न भट्टीच्या भिंतीचा नाही, रस्त्याचा आहे. भारतात अणुवीज केंद्राभोवती सोळा किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन करण्याचा प्रघात आहे. दुसरबीड मध्ये धरून तेवढे वर्तुळ काढले तर किनगाव राजासह आसपासची कितीतरी गावे, वस्त्या, मळे त्यात येतात. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, समृद्धी महामार्ग जवळून जातो, काय अडचण आहे? पण समृद्धीवर दुचाकी आणि ट्रॅक्टर चालत नाहीत, दोन्ही बाजूंनी तो बंदिस्त आहे आणि चढायचे तर ठरलेल्या प्रवेशाच्या जागेवरूनच. गावातली वाहने म्हणजे बहुतांश दुचाकी आणि ट्रॅक्टर. गोठ्यातली जनावरे मागे ठेवून माणसे निघतील असे समजणाऱ्याने खेडे पाहिलेले नाही. जुन्या नागपूर-मुंबई मार्गावर एकाच वेळी इतकी माणसे आणि गुरे निघाली तर काय होईल, याचा सराव करून पाहिल्याशिवाय आराखड्याला अर्थ नाही. पठार भूकंपापासून सुरक्षित आहे हा समज किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ रोजी मोडून काढला, हेही जागा ठरवणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवावे.

सगळ्यांत अवघड प्रश्न पाण्याचा. अणुकेंद्रात तयार होणाऱ्या उष्णतेचा जवळपास एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होतो. उरलेली दोन तृतीयांश उष्णता कुठेतरी सोडावी लागते. तारापूरला ती समुद्रात जाते. पठारावर मनोऱ्यांतून पाण्याची वाफ करून ती हवेत सोडावी लागेल, आणि वाफ झालेले पाणी परत येत नाही. युनिटमागे साधारण तीन लिटर धरले तर ७०० मेगावॅटची एक भट्टी दिवसाला पाच कोटी लिटर पाणी पिते, वर्षाला अठरा दशलक्ष घनमीटर. या भागातले मोठे धरण म्हणजे खडकपूर्णा, संत चोखा सागर. त्याचा उपयुक्त साठा ९३.४० दशलक्ष घनमीटर. धरण पूर्ण भरले अशा वर्षीसुद्धा एकटी भट्टी त्यातला जवळपास पाचवा हिस्सा घेईल. ज्या वर्षी धरण भरत नाही त्या वर्षी काय, हे सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतल्या कुणालाही विचारावे. २२० मेगावॅटच्या लहान भट्टीलाही वर्षाला पाच-सहा दशलक्ष घनमीटर लागतील. भट्टी लहान झाल्याने युनिटमागचे पाणी कमी होत नाही.

ही शंका पोकळ नाही. परळीचे औष्णिक केंद्र पाणी नसल्यामुळे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले. कोळशाचे केंद्र बंद पडले तर वीज जाते, एवढेच. अणुकेंद्राला बंद असतानाही थंड ठेवायला पाणी लागते, आणि ते सतत लागते. फ्रान्ससारख्या अणुविजेत मुरलेल्या देशातही २०२२ च्या उन्हाळ्यात नद्या तापल्या म्हणून काही भट्ट्यांची वीज कमी करावी लागली. यावर उपाय नाहीत असे नाही. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटातले पालो व्हर्दे केंद्र शहरांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालते, आणि नागपूरचे सांडपाणी कोराडीला वापरण्याची व्यवस्था आपल्याकडेच आहे. पण त्यासाठी शेजारी नागपूरएवढे शहर असावे लागते. दुसरबीडच्या शेजारी नाही. गावात जिजामाता सहकारी साखर कारखाना आहे, तोही बंद. मोठी यंत्रे उभी राहतात आणि मग कच्च्या मालाविना नुसती उभीच राहतात, हे या गावाला कुणी समजावून द्यायला नको.

कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगता येते. वापरून झालेल्या इंधनावर भारतात पुन्हा प्रक्रिया होते, प्लुटोनियम आणि उरलेले युरेनियम वेगळे काढले जाते आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी अंश काचेत गोठवला जातो. अशी सोय तारापूर आणि ट्रॉम्बे या दोन्ही ठिकाणी आहे. त्यातल्या सीझियमसारख्या पदार्थांचा जोर तीस-तीस वर्षांनी निम्मा होत जातो, म्हणजे काही शतकांचा प्रश्न. प्लुटोनियमचा जोर निम्मा व्हायला मात्र चोवीस हजार वर्षे लागतात, आणि तो जवळजवळ संपायला दोन-अडीच लाख वर्षे. इतक्या मुदतीची खोल भूगर्भातली साठवण भारतात अजून बांधलेली नाही. कचऱ्याचे प्रमाण थोडे आहे ही जमेची बाजू. त्याचा शेवटचा पत्ता ठरलेला नाही ही उणी बाजू. तारापूरच्या पहिल्या दोन संचांतले जळलेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही आणि त्यावर प्रक्रियेलाही मान्यता दिली नाही, म्हणून ते दशकानुदशके तिथेच साठून राहिले. परक्या देशाच्या इंधनावर चालणारी भट्टी घेताना करारात कोणते कलम आधी वाचावे, हे यावरून कळते. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर याच तारापूरच्या इंधनपुरवठ्यावर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशी दारे ठोठवावी लागली होती.

किंमत आणि वेळ. जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्यांची घोषणा होऊन, डिसेंबर २०१० मध्ये करार होऊन, आंदोलने होऊन, एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक जीव जाऊन दीड दशक लोटले, आणि भट्टीची वीट बसलेली नाही. त्याच जातीची भट्टी फ्रान्सने फ्लामानव्हीलला २००७ मध्ये बांधायला घेतली; ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, मूळ अंदाजाच्या चौपट खर्चाने. देशी भट्ट्यांची गोष्ट बरी आहे, पण वेगवान नाही. गुजरातमधल्या काक्रापारच्या तिसऱ्या संचाचे काँक्रीट २०१० मध्ये पडले आणि व्यापारी वीज जून २०२३ मध्ये मिळाली. केंद्र सरकारचे २०४७ पर्यंत शंभर गिगावॅटचे लक्ष्य आहे. आज देशात सगळी मिळून नऊ गिगावॅटही नाही आणि एकूण विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

थोरियमच्या लहान भट्टीबद्दल अधिक सावधपणे बोलले पाहिजे. थोरियम स्वतः जळत नाही. भट्टीत ठेवून त्याचे युरेनियम-२३३ व्हावे लागते, मग ते जळते. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात थोरियम तिसऱ्या टप्प्यावर आहे तो याच कारणाने. दुसऱ्या टप्प्यातली कल्पाक्कमची ५०० मेगावॅटची भट्टी २००४ मध्ये बांधायला घेतली आणि तिच्यात इंधन भरेपर्यंत दोन दशके उलटली. युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही कल्पाक्कमची संशोधन भट्टी अवघ्या तीस किलोवॅटची आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत थोरियमचा मोठा साठा आहे हे खरे, म्हणून राष्ट्रीय पातळीवर हे संशोधन व्हायलाच हवे. एका राज्याच्या वीजकंपनीने, जिची देणी आणि थकबाकी सर्वज्ञात आहे, त्यात कितपत उतरावे हा वेगळा प्रश्न आहे. त्यापेक्षा २२० मेगावॅटची देशी जडपाणी भट्टी, जिच्यावर दशकांचा अनुभव आहे, एखाद्या किनाऱ्यावरच्या जागी घेणे जास्त शहाणपणाचे.

शेवटचा मुद्दा भरपाईचा. २०१० च्या कायद्यामागे भोपाळच्या वायुदुर्घटनेची आठवण होती. सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुलीचा हक्क त्यात चालक संस्थेला दिला होता, आणि परदेशी कंपन्या त्यावरच अडून बसल्या होत्या. नव्या कायद्याने तो हक्क करारात लिहून घेतला असेल तरच, किंवा नुकसान हेतुपुरस्सर केले असेल तर, असा आखडला. चालकाची जबाबदारी सर्वांत मोठ्या भट्ट्यांसाठी तीन हजार कोटी रुपयांपर्यंत आणि लहान भट्ट्यांसाठी त्याहून बरीच कमी ठेवली आहे. त्यापुढचा भार केंद्र सरकारचा. लहान भट्टी म्हणजे लहान अपघात हे गणित भौतिकशास्त्राला काही अंशी मान्य होईल. पण सोळा किलोमीटरमधल्या शेतजमिनीची किंमत भट्टीच्या आकारावर ठरत नाही. आणि भरपाई वेळेवर मिळत नाही याचा दाखला अपघाताविनाही आहे: तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला.

शासनाच्या हातात आज करण्यासारखे बरेच आहे. अंतर्भागातल्या कोणत्याही जागेचा विचार सुरू होताच त्या जागेचा पाण्याचा ताळेबंद, भरल्या वर्षाचा आणि दुष्काळी वर्षाचा वेगवेगळा, मराठीत प्रसिद्ध व्हावा. स्थलांतराचा आराखडा ग्रामसभेपुढे यावा आणि त्यात ट्रॅक्टर, दुचाकी, जनावरे धरलेली असावीत. राज्याने यंत्रपुरवठादाराशी करार केला तर वसुलीचा हक्क त्यात लिहूनच घ्यावा, कारण आता तो आपोआप मिळत नाही. अणुविजेमुळे कोणते कोळसा केंद्र कधी बंद होणार, हे नावानिशी सांगावे. पारस, चंद्रपूर, कोराडी यांपैकी एकही बंद होणार नसेल तर स्वच्छ हवेचा दावा करू नये. कृषी फिडरना दिवसा वीज देण्याचे वेळापत्रक अणुप्रकल्पांपासून वेगळे ठेवावे आणि कोणत्याही भट्टीची वाट न पाहता पूर्ण करावे. आणि एप्रिल २०२५ च्या सामंजस्य करारात राज्याने नेमका किती खर्च, किती मुदतीसाठी आणि कोणत्या जागेच्या अटीवर पत्करला आहे, ते येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे.

कळावे,
दुसरबीड परिसरातील एक कृषिपंपधारक वीजग्राहक,
ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा.